चालढकल: आपण कामं का टाळतो आणि सुरुवात नेमकी कशी करायची, अगदी पहिल्यापासून

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी या विषयावर आधी काहीच वाचलेलं नाही, पण रोज रात्री आडवं पडल्यावर एक ठरावीक काम आठवतं आणि झोप उडते. कुणाचा प्रोजेक्ट रिपोर्ट राहिलाय, कुणाची जात वैधतेची फाईल अर्धवट पडलीये, कुणाला ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरायचाय, कुणाची दाढ महिनाभर ठणकतेय पण डॉक्टरकडे जायचंय ते "पुढच्या आठवड्यात". मी जळगावात एका अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांसोबत बसते, एमपीएससी, पोलीस भरती, नेट-सेटची तयारी करणारी पोरं-पोरी, आणि गावी गेले की कुणाचे ना कुणाचे कागद समोर येतातच, तर या दोन्हीकडे मला एकच गोष्ट परत परत दिसते आणि ती आळस नाहीये. हे आधी पक्कं करून घ्या, कारण "मी मुळात आळशीच" असं धरून बसलात तर खालचा एकही उपाय कामाला येणार नाही.

आळशी माणूस निवांत असतो. चालढकल करणाऱ्याला निवांतपणा मिळतच नाही. तो ते एक काम टाळतो आणि त्या वेळात बाकीची दहा कामं करतो, टेबल आवरतो, गाडी धुतो, नोट्सना चार रंगांनी अधोरेखित करतो, "अभ्यास कसा करावा" चे व्हिडिओ बघतो, आणि हे सगळं चालू असताना आतून ते राहिलेलं काम टोचत असतं. म्हणजे काम पण नाही आणि आराम पण नाही.

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये तोवर झालेले ढीगभर अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा लिहिला, त्यातली व्याख्या साधी आहे: जे काम करायचं आपणच ठरवलंय, आणि उशीर केला तर आपलंच नुकसान होणार हे माहीत आहे, तरीही आपणहून ते पुढे ढकलणं. यातल्या तिन्ही गोष्टी लागतात. ठरवलेलं हवं, नुकसान माहीत हवं, आणि ढकलणारे आपणच हवेत. एक जरी नसेल तर ती चालढकल नाही, दुसरं काहीतरी आहे. मोठ्या माणसांत कायमची, जुनी चालढकल साधारण १५ ते २० टक्के लोकांना असते असा अंदाज या आढाव्यात दिलाय, आणि कॉलेजच्या मुलांत तर कमी-जास्त प्रमाणात बहुतेक सगळ्यांनाच. म्हणून एकटं वाटून घेऊ नका.

आधी तपासा, ही खरंच चालढकल आहे का

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग नको तिथं स्वतःला शिव्या घालत बसतात. आपल्याकडचं उदाहरण घ्या. मृगाची एक सर आली की कोरडवाहू कपाशीवाल्यांचे हात शिवशिवतात, पण कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, नाहीतर दुबार पेरणीची वेळ येते. जो शेतकरी त्यासाठी थांबला तो चालढकल करत नाहीये, तो विचार करून थांबलाय. फरक कसा ओळखायचा? त्याला विचारा, "कधी पेरणार?" तर तो सांगेल, इतका पाऊस झाला की. थांबण्याला एक अट आहे आणि ती अट पूर्ण झाली की तो दुसऱ्या दिवशी पहाटे शेतात असतो. चालढकलीत अट नसते, "बघू", "मूड लागला की", "जरा मोकळं झालो की", असलं काहीतरी असतं.

दुसरं, ताकदच नसणं. घरात आजारपण आहे, बाळ तीन तासांच्या वर झोपू देत नाही, कापूस वेचणीचे दिवस आहेत आणि मजूर मिळत नाहीत, अशा वेळी अभ्यास झाला नाही तर त्याला चालढकल म्हणू नका. तिथे झोप पाहिजे, मदत पाहिजे, एखादं काम कुणाला तरी देऊन टाकायला पाहिजे. तिसरं, काम तुमचं नसणं. काही पोरं बापाच्या हौसेखातर अभ्यासिकेत येतात, त्यांना ती परीक्षा द्यायचीच नसते. त्यांना टाईमटेबल देऊन उपयोग नाही, घरी एकदा नीट बोलायला पाहिजे.

या तिन्हीतलं काही नसेल तर पुढे वाचा.

मग आपण टाळतो ते नेमकं काय

इथं मी जास्त थांबणार आहे कारण सगळी किल्ली इथंच आहे.

फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिकिल हे दोन संशोधक, त्यांनी २०१३ मध्ये एक लेख लिहिला, त्याचा गाभा असा की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसून भावना सांभाळण्याचा प्रश्न आहे. काम समोर आलं की त्याच्यासोबत एक नकोशी भावना येते. भीती, कंटाळा, गोंधळ, राग, लाज, कधीकधी दुःख. आपण टाळतो ती भावना, काम बिचारं तिच्यासोबत मागं राहतं. आणि टाळल्याबरोबर लगेच हलकं वाटतं ना, तीच अडचण आहे. मेंदूला त्या हलकेपणाचं बक्षीस मिळतं, तो शिकतो की हे काम दिसलं की बाजूला सरकायचं, आणि पुढच्या वेळी अजून लवकर सरकतो. संध्याकाळपर्यंत अपराधी वाटायला लागतं, ते अपराधीपण त्याच कामाला जाऊन चिकटतं, मग उद्या ते काम आजच्यापेक्षा जड. काम तेवढंच असतं हो, जड होत जाते ती भावना.

माझ्या नात्यातले एक दादा आहेत पारोळ्याकडचे. शेतीत एकदम कष्टाळू माणूस, पहाटे साडेचारला मोटर चालू करणारा. त्यांचे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी सातबारावर वारस नोंद केलेली नव्हती. कायद्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. नोंद नाही म्हणून पीककर्जाला अडचण, अनुदानाला अडचण, सगळे बोलायचे, वहिनी बोलून बोलून थकल्या. फाईल तयार होती, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आठ-अचा उतारा, रेशन कार्डाची झेरॉक्स, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये गादीखाली. मी त्यांना "का नाही करत" असं विचारलं नाही, कारण त्या प्रश्नाला माणूस फक्त कारणं देतो. मी म्हटलं दादा, फॉर्म काढा आणि मला दाखवा हात कुठं थांबतो. त्यांनी फॉर्म काढला, स्वतःचं नाव-गाव भरलं, गट नंबर भरला, आणि "मयत खातेदाराचे नाव" या रकान्यावर पेन थांबला. तिथं नानांचं, म्हणजे वडिलांचं, नाव लिहायचं होतं. बाकी काही नाही, तेवढंच. तो रकाना वहिनींनी लिहिला, खालचं सगळं दादांनी भरलं, आणि अर्ज त्याच आठवड्यात तलाठी कार्यालयात गेला.

आता मला सांगा, त्या माणसाला मोबाईलमधलं कुठलं ॲप, कुठलं टाईमटेबल उपयोगाला आलं असतं?

दुसरं कारण आपल्या मेंदूच्या हिशोबाचं. जवळचा फायदा मोठा दिसतो आणि लांबचा बारीक. आपल्या भागात कपाशीची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही झाडं न काढता त्यांच्यावरच पुढचा कापूस, का घेतात बघा ना, कृषी विद्यापीठं, कृषी विभाग सगळे सांगतात की डिसेंबरअखेर झाडं काढून टाका, गुलाबी बोंडअळीचं चक्र तोडा, पण झाडावर लागलेली बोंडं डोळ्यासमोर असतात आणि पुढच्या हंगामातली अळी दिसत नाही. अभ्यासाचं हेच होतं. स्टील यांनी हे सूत्रासारखं मांडलंय: काम करायचा हुरूप दोन गोष्टींनी वाढतो, हे मला जमेल हा विश्वास आणि त्यातून मिळणाऱ्या गोष्टीची किंमत, आणि दोन गोष्टींनी घटतो, फळ किती लांब आहे आणि आपलं मन किती पटकन दुसरीकडे ओढलं जातं. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी हे जरा लावून बघा. फळ दोन-तीन वर्षं लांब, जाहिरात कधी निघेल माहीत नाही, आधीच्या निकालाने विश्वास डळमळलेला, आणि खिशात मोबाईल. चारही बाजूंनी मार. यात तुमचा स्वभाव वाईट आहे असं कुठंच सिद्ध होत नाही, आणि चारपैकी प्रत्येक गोष्टीला थोडा थोडा हात लावता येतो.

"पण मी प्रेशरमध्येच चांगलं काम करतो" हे मी रोज ऐकते. यावर १९९७ चा टाईस आणि बाउमायस्टर यांचा अभ्यास आहे, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर. चालढकल करणारी मुलं सत्राच्या सुरुवातीला खरोखर जास्त आनंदी होती, ताण कमी, तब्येत बरी. सत्र संपायला आलं तेव्हा मात्र ताण आणि आजारपण इतकं वाढलं की एकूण हिशोबात ती तोट्यात गेली, आणि मार्क पण कमी. शेवटच्या रात्री काम होतं हे खरं आहे, पण ते चांगलं होतं म्हणून नाही, त्या रात्री नापास होण्याची भीती कामाच्या भीतीपेक्षा मोठी होते म्हणून होतं.

पायरी १: एकच काम घ्या

दहा कामांची यादी करू नका. यादी करणं हीसुद्धा छान टाळाटाळ असते. जे काम आठवून रात्री झोप उडते ते एक, आणि ते कागदावर पेनने लिहा. मोबाईलमध्ये लिहायला गेलात तर मोबाईलमध्येच राहाल.

पायरी २: त्या कामाजवळ गेल्यावर काय वाटतं ते लिहा

हे लोकांना बालिश वाटतं पण करा. फाईल उघडा, पुस्तक उघडा, नंबर डायल करायला घ्या, आणि हात जिथं थांबेल तिथं थांबून मनात काय आलं ते एका ओळीत लिहा. "सर म्हणतील इतके दिवस काय केलं." "पहिलं पानच कळत नाही." "हे माझ्या एकट्यावरच का?" "रिपोर्ट वाईट आला तर?" अशी वाक्यं निघतात. "कंटाळा येतो" एवढंच लिहिलंत तर अजून एकदा विचारा, कारण कंटाळ्याच्या खाली बरेचदा भीती किंवा गोंधळ सापडतो.

पायरी ३: औषध त्या भावनेला द्या

सगळ्यांना एकच उपाय चालत नाही, इथंच बहुतेक सल्ले फसतात.

गोंधळ असेल तर धीर देऊन उपयोग नाही, माहिती पाहिजे. "जात वैधता काढायची" हे काम नाहीच, ते पंधरा कामांचं गाठोडं आहे. त्यातलं पहिलं काम "आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी गावच्या शाळेत फोन करणं" हे आहे. ज्याने हे आधी केलंय अशा माणसाला गाठा आणि त्याच्याकडून क्रम लिहून घ्या, वीस मिनिटांत अर्धा डोंगर उतरतो.

भीती असेल, वाईट होईल याची, तर मुद्दाम वाईट करायची परवानगी द्या. अभ्यासिकेतली एक मुलगी एमएस्सीच्या प्रोजेक्ट रिपोर्टवर अडकली होती, प्रयोग सगळे झालेले, केळीच्या पानांवरच्या बुरशीचे, पण "प्रस्तावना"चं पहिलं वाक्य काही सुचेना आणि रोज लॅपटॉप उघडून बंद. तिला म्हटलं प्रस्तावना सोड, लॅबमध्ये हाताने काय केलंस ते मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर बोलून पाठव, इंग्रजीत नको, अहिराणीत सांग. तिने सहा-सात मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली, पानं कुठून आणली, कशी धुतली, कोणत्या डिशमध्ये ठेवली, कुठली डिश खराब झाली, सगळं. मग तीच ऐकत ऐकत टाईप केलं. तो तिचा तिसरा चॅप्टर झाला आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहिली गेली. चांगल्या शब्दांची वाट बघत बसायची गरज नसते, आधी बोलून टाकायचं, दुरुस्त्या नंतर.

खरोखरच नुसता कंटाळा असेल, पावत्या लावणं, जर्नल उतरवणं, अशी कामं, तर त्याला एखादी आवडती गोष्ट जोडा. अमेरिकेत केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की उत्कंठेची ऑडिओ पुस्तकं फक्त जिममध्येच ऐकायला मिळतील अशी व्यवस्था केली तर लोक सुरुवातीला जिमला जास्त वेळा गेले. मोठी सुट्टी आल्यावर तो परिणाम ओसरला हेही त्यांनीच नोंदवलंय, त्यामुळे दिवाळीनंतर पुन्हा नव्याने जोडणी करावी लागेल हे धरून चाला.

राग असेल, म्हणजे काम लादलेलं असेल, तर दोनच रस्ते. स्पष्ट नाही म्हणा, किंवा "मी हे या कारणासाठी करतोय" असं आपलं स्वतःचं कारण शोधा. मधल्या मध्ये लटकत राहिलं की त्रास दुप्पट.

आणि दुःख असेल, वर दादांचं सांगितलं तसं, तर ते काम एकट्याने करू नका. शेजारी कुणीतरी बसलं पाहिजे. सल्ला नको, नुसतं बसलं तरी पुरतं.

पायरी ४: पहिली हालचाल इतकी छोटी करा की नाही म्हणता येणार नाही

"आज तीन तास अभ्यास" हे मेंदूला धमकीसारखं ऐकू येतं. "राज्यशास्त्राचं पुस्तक टेबलावर उघडून ठेवणं आणि एक परिच्छेद वाचणं" याला तो घाबरत नाही. हालचाल हाताने करता येण्यासारखी पाहिजे, उघडणं, फोन लावणं, शीर्षक टाईप करणं, चप्पल घालून बाहेर पडणं. "समजून घेणं", "विचार करणं", "तयारी करणं" ही हालचाल नाही, यात माणूस तासभर बसून काहीच न करता उठू शकतो.

मूड येण्याची वाट बघू नका. बहुतेकांचा अनुभव उलटा असतो, सुरुवात झाली की थोड्या वेळाने मूड मागून येतो. मारिया ओव्सिआन्किना या संशोधिकेने १९२८ मध्येच दाखवलं होतं की काम मध्येच अडवलं तर संधी मिळताच माणसं ते आपणहून परत हातात घेतात. म्हणून संपवायचं टेन्शन सोडून फक्त अर्धवट करून ठेवा, अर्धं काम आपल्याला परत बोलावतं, न उघडलेलं काम कधीच बोलावत नाही.

वेळ लावून बसायचं असेल तर पोमोडोरो पद्धत सोपी आहे, इटलीच्या फ्रान्सिस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी काढलेली, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती. अगदी नवीन असाल तर १० मिनिटांपासून करा. त्या ५ मिनिटांत रील नको, कारण रीलला पाच मिनिटं माहीतच नाहीत. उठा, माठातलं पाणी प्या, गॅलरीत जाऊन या.

पायरी ५: जर-तर वाक्य लिहा

मला विचाराल तर सगळ्या उपायांत हा सगळ्यात स्वस्त आणि पक्का. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं यावर आयुष्यभराचं काम आहे. "मी उद्यापासून अभ्यास करीन" ही इच्छा झाली. "सकाळी चहाचा कप धुवून ठेवला की मी लगेच खुर्चीत बसून काल खूण केलेलं पान उघडेन" हा बेत झाला. कधी, कुठे, कशानंतर, काय, हे सगळं एका वाक्यात. त्यांच्या १९९७ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा वृत्तांत लिहून ठरलेल्या मुदतीत पाठवायला सांगितलं होतं. ज्यांच्याकडून कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवून घेतलं त्यांच्यात तो वेळेत लिहिणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. नंतर २००६ मध्ये गोलविट्झर आणि शीरन यांनी असे ९४ अभ्यास एकत्र तपासले, परिणाम टिकला.

वाक्य आपल्या घराला आणि हवेला धरून लिहा. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन ते पाच काही होत नाही, तिथं "दुपारी वाचेन" असं लिहिणं म्हणजे हरायची सोय करून ठेवणं. पहाटे साडेपाच ते नऊ ठेवा, किंवा दुपारी लायब्ररी गाठा. घड्याळाच्या वेळेपेक्षा रोज हमखास होणाऱ्या गोष्टीला काम बांधा, पाणी भरून झालं की, आई देवपूजेला बसली की, म्हशीचं दूध डेअरीवर घालून आलो की. लाईट गेली, पाहुणे आले, यासाठी दुसरं वाक्य पण तयार ठेवा: "जर लाईट गेली तर मी प्रिंट काढलेले प्रश्न घेऊन ओट्यावर बसेन." अडचण येणार हे गृहीत धरलेलं बरं.

पायरी ६: वेळेचा अंदाज वाढवा

कॅनडात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट घडलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट अंदाजसुद्धा कमी पडला. म्हणून मागच्या वेळी तसल्याच कामाला खरंच किती वेळ लागला ते आठवा आणि तोच आकडा धरा, मनाचा अंदाज धरू नका. सरकारी कामात तर सर्व्हर, साहेबांची मीटिंग, तहसीलला जोडून आलेल्या सुट्ट्या, हे सगळं धरून शेवटच्या तारखेच्या दोन आठवडे आधीची आपली तारीख ठरवा. पीक विम्याच्या शेवटच्या दोन दिवसांत सेवा केंद्राबाहेर काय रांग असते ते बघितलंय ना.

मोबाईल आणि सोबत

या दोन गोष्टींवर फार लिहायला नको. मोबाईल सायलेंट करून उलटा ठेवणं पुरत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवा किंवा घरच्यांकडे द्या. आपण इच्छाशक्तीने लढायला जातो, त्यापेक्षा मोबाईल आणायला वीस पावलं चालावं लागेल अशी सोय जास्त टिकते.

आणि सोबत. घरी बारा तास मोकळे असून न होणारा अभ्यास अभ्यासिकेत चार तासांत होतो, कारण शेजारचा खाली मान घालून वाचत असतो. गावात अभ्यासिका नसेल तर एक मित्र ठरवा, सकाळी सातला एकमेकांना फक्त "बसलो" एवढा मेसेज टाकायचा आणि अकराला काय झालं ते एका ओळीत. "काय भो, कुठपर्यंत आला?" असं विचारणारा एक माणूस असला की काम हलतं. तो ओरडणारा नको, विचारणारा पाहिजे.

इथं घरच्यांनाही दोन शब्द सांगते. पोरगं टाळतंय हे दिसलं की आपण म्हणतो, "शेजारच्याचं बघ, तलाठी झाला." याने त्या पुस्तकाला चिकटलेली लाज वाढते आणि उद्या ते उघडणं अजून अवघड होतं. त्याऐवजी विचारा, "कुठं अडलंय? मी बसू का इथं थोडा वेळ?" भाकरी थापता थापता विचारलं तरी चालतं.

दिवस वाया गेला तर

जाणारच आहे. मंगळवारी लग्न निघेल, बुधवारी डोकं दुखेल, आणि गुरुवारी मन म्हणेल आता आठवडा गेलाच, सोमवारपासून नव्याने करू. हा "सोमवार" फार धोक्याचा. वोल, पिकिल आणि बेनेट यांचा २०१० चा एक अभ्यास आहे, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरचा. पहिल्या परीक्षेआधी चालढकल झाली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. लोकांना उलटं वाटतं, माफ केलं तर लाडावू. पण वरचं आठवा, नकोशी भावना हेच टाळण्याचं कारण आहे, मग स्वतःला झोडपून ती भावना वाढवायची कशाला. माफ करणं म्हणजे "काही झालं नाही" असं म्हणणं नव्हे. "काल राहिलं, त्याचं मला वाईट वाटतंय, आज सातला एक परिच्छेद वाचतो" इतकं म्हणायचं आणि गुरुवारीच बसायचं, सोमवारपर्यंत जायचं नाही. राहिलेला अभ्यास भरून काढायला दुप्पट टार्गेट पण ठेवू नका, दुप्पट टार्गेट हीच पुढच्या चालढकलीची सुरुवात असते.

हे सगळं करूनही हलत नसेल तर

दोन-तीन आठवडे प्रामाणिकपणे करून बघा. तरीही जमत नसेल, आणि सोबत झोप, भूक बिघडलेली असेल, आधी आवडणाऱ्या गोष्टीतही रस वाटत नसेल, अंघोळ, जेवण अशी साधी कामंसुद्धा जड वाटत असतील, तर ते नैराश्य असू शकतं. लहानपणापासूनच एका जागी लक्ष न टिकणं, वस्तू हरवणं, प्रत्येक काम अर्धवट सोडणं, हे शाळेत, घरी, नोकरीत सगळीकडे होत आलं असेल तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या त्रासाची, तपासणी करून घ्यावी, तो मोठ्या वयातही असतो आणि त्यावर उपचार आहेत. या दोन्हीत जर-तर वाक्यं पुरणार नाहीत आणि तो तुमचा कमीपणा नाही.

टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाईन आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटण्याचे विचार येत असतील तर वाट न बघता लगेच फोन करा, घरातल्या एकाला सोबत घ्या. एरवी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराबद्दल चौकशी करा. केसपेपर काढताना काय सांगायचं हे सुचत नाही म्हणूनही बरेच जण हेच काम पुढे ढकलतात, तर "झोप लागत नाही आणि कामात मन लागत नाही" एवढं एक वाक्य पुरतं, आत गेल्यावर पुढचं डॉक्टर विचारतात. आणि पायरी २ मध्ये लिहिलेला तो कागद सोबत न्या, बोलता आलं नाही तर नुसता तो पुढे केला तरी चालतं.